गाठ ५.९ ची ६२ झाली आणि पिशवी काढायची तारीखही मिळाली

आधी पत्र. लांब होतं, थोडं कापलंय.

"ताई नमस्कार. मी ४३ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापासून पाळीत खूप जातं. आठ-नऊ दिवस चालतं, गुठळ्या पडतात. त्या दिवसांत दोन पॅड एकावर एक लावून आणि गडद साडी नेसून जाते, तरी फळ्याकडे वळून लिहायची भीती वाटते, म्हणून पोरांनाच फळ्यावर बोलावते. मागच्या वर्षी सोनोग्राफीत गाठ निघाली, ५.९. आता परत केली तर ६२! मेडिकलचं दुकान असलेले आमचे चुलत दीर म्हणाले, दहापट वाढली, थांबू नका. एचबी ७.६ आहे. डॉक्टर म्हणाले पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा, दोन बाटल्या रक्त चढवू आणि पिशवी काढून टाकू, मुलं झालीत ना, उद्या कॅन्सर झाला म्हणजे? सासूबाई म्हणतात माझी अडतिसाव्या वर्षी काढली, काय झालं मला? पुण्याची बहीण म्हणते अजिबात काढू नकोस, हाडं जातात. मिस्टर म्हणतात तुझं तू ठरव. मुलगी दहावीला आहे, मार्चमध्ये तिची परीक्षा. मला काहीच सुचत नाही. काय करू?"

बाई (वर्गात पोरं म्हणतात तसं बाईच म्हणते, ताई मलाच म्हणा), तुमच्या रिपोर्टचा फोटो मी मोठा करून करून बघितला. पहिल्या रिपोर्टात ५.९ च्या पुढे सीएम लिहिलंय आणि दुसऱ्यात ६२ च्या पुढे एमएम. म्हणजे गाठ मागच्या वर्षी ५.९ सेंटिमीटर होती आणि आता ६.२ आहे. तीन मिलिमीटरचा फरक, आणि तोही दोन वेगळ्या सेंटरमध्ये, वेगळ्या मशीनवर, वेगळ्या माणसाने मोजलेला. एवढा फरक तर एकाच बाईची एकाच दिवशी दोनदा सोनोग्राफी केली तरी येतो. तुम्ही स्वतः पाचवीला गणित शिकवता असं पत्रात पुढे लिहिलंय, सेंटिमीटरचे मिलिमीटर करायची उदाहरणं तुम्ही शेकड्याने सोडवून घेतली असतील, आणि स्वतःच्या रिपोर्टपुढे ते डोक्यातून गेलं. हसत नाहीये मी. घाबरलं की माणसाला आकडा तेवढा दिसतो, त्याच्या पुढचं एकक दिसत नाही. पण ते दुकानवाले दीर, त्यांनी बघायला हवं होतं.

तर दहापट वगैरे काही झालेलं नाही. हे आधी नीट आत उतरू द्या, मग पुढचं वाचा.

मी डॉक्टर नाही, हे दर वेळी लिहिते तसं आत्ताही लिहिते. माझी स्वतःची पिशवी ४६ व्या वर्षी काढलीय, अशाच गाठीसाठी, म्हणजे फायब्रॉइडसाठी, आणि त्यानंतर या सदरामुळे इतक्या बायकांच्या फायली बघितल्या की आता रिपोर्टातले शब्द ओळखीचे झालेत. औषधाचं नाव, डोस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मला विचाराल तर तुमच्या पत्रात पिशवी काढू का नको यापेक्षा आधीचा एक आकडा आहे आणि तो सगळ्यांनी ओलांडून पुढे उडी मारलीय. ७.६. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र ॲनिमिया धरतात. जिना चढताना धाप, छातीत धडधड, पायात गोळे, चिडचिड, रात्री झोप लागत नाही आणि दिवसा डोळे मिटतात, हे सगळं तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलंय आणि त्याला "वयामुळे असेल" म्हटलंय. वयामुळे नाही हो, रक्त नाही अंगात. आणि एवढ्या कमी रक्तावर माणसाला साधा दुधाचा रतीब बदलायचा निर्णय जमत नाही, तिथे तुम्ही पिशवीचा निर्णय आठवड्यात घ्यायला बसलाय.

म्हणून पहिलं काम रक्त भरायचं. रक्ताच्या बाटल्या म्हणत नाही मी, त्या लागल्या तर लागतील, ते डॉक्टर ठरवतील. मी म्हणतेय लोहाबद्दल. हल्ली शिरेतून लोह देतात, सलाईनमधून, आयर्न सुक्रोज असेल तर दोनचार खेपा होतात आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज म्हणून एक येतं ते एका बैठकीत बरंच जातं, महिनाभरात दोनेक पॉइंट चढलेले मी खूप जणींचे पाहिलेत. ऑपरेशनची घाई नसेल तर बाटली चढवून लगेच टेबलावर घेण्यापेक्षा आधी लोहाने रक्त वाढवून मग जाणं कधीही बरं. गोळ्या घ्यायच्या असतील तर उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आसपास अजिबात नाही. शिक्षकांच्या खोलीतला तो दहाचा चहा आणि गोळी एकदम घेतली तर गोळी वाया गेली समजा. शी काळी होते, घाबरू नका, ती लोहाचीच. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खा की, चांगलेच आहेत, पण ७.६ त्याने भरून निघत नाही, दर महिन्याला खालून गळतंय आणि वरून चमच्याने ओततोय अशी गत आहे ती.

आणि गळती थांबवायची सोय वेगळी करायला लागते. ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या कुणी दिल्यात का हो तुम्हाला? पत्रात कुठेच उल्लेख नाही. ही गोळी पाळीच्या जास्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांतच घ्यायची असते, महिनाभर नाही, हार्मोनची नाही, आणि बऱ्याच जणींचं जाणं तिने लक्षात येण्याएवढं कमी होतं. पूर्वी पायात वगैरे रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून. दीड वर्ष तुम्ही दोन-दोन पॅड लावून उभ्या राहिलात आणि एका साध्या गोळीचा प्रयोगसुद्धा झाला नाही, एकदम पिशवीच काढायची, याचं मला जरा वाईट वाटलं. (नंतर कुणाला तरी हे आवडणार नाही, पण असू दे.)

एक सांगून ठेवते, मध्येच कधी तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येऊन पडायला होतंय, बसल्या जागी धाप लागतेय, तर या सदराची, बहिणीची, कुणाची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी.

आता गाठीकडे येऊ. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ, लोक मांसाचा गोळा म्हणतात तेच. खूप बायकांना असतो आणि त्यातल्या पुष्कळ जणींना आयुष्यभर कळतही नाही. गाठ आहे म्हणून काढा असं नसतं, गाठीने त्रास दिला तर त्या त्रासावर इलाज करायचा असतो. आणि त्रास किती हे सेंटिमीटरवर कमी आणि जागेवर जास्त ठरतं. बाहेरच्या अंगाला, पोटाच्या बाजूला वाढलेली गाठ आठ सेंटिमीटरची असली तरी पाळीत काही फरक न पाडता बसून राहते, फार तर लघवीला सारखं जायला लावते, आणि आतल्या अस्तराखाली उगवलेली दोन सेंटिमीटरची चिमुरडी बाईला पांढरीफटक करून टाकते. तुमच्या रिपोर्टात इंट्राम्युरल लिहिलंय, म्हणजे भिंतीच्या जाडीत आहे. पण ती आतल्या पोकळीला दाबतेय का, अस्तराला ढकलतेय का, यावर एक अक्षर नाही. हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही! एखाद्या नीट सोनोग्राफीवाल्यांकडे आतून, म्हणजे योनीमार्गाने करतात ती सोनोग्राफी करून घ्या आणि आधीच सांगा की पोकळीबद्दल लिहून द्या. त्याच वेळी ॲडिनोमायोसिस, म्हणजे आतलं अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं असणं, आहे का तेही बघायला सांगा, ते फायब्रॉइडबरोबर जोडीने पुष्कळदा असतं आणि पाळीत दुखणं, जाणं दोन्ही वाढवतं. थायरॉइडची टीएसएच करून घ्या, स्वस्तातली टेस्ट आहे.

कॅन्सरचं. हा शब्द एकदा टेबलावर ठेवला की समोरची बाई काहीही सही करते, म्हणून जरा थांबून सांगते. साधा फायब्रॉइड पुढे जाऊन कॅन्सर होतो असं सहसा घडत नाही. गाठीसारखाच दिसणारा एक वेगळा कॅन्सर असतो, सार्कोमा, तो दुर्मीळ आहे. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं आहे, एफडीए, त्याने २०१४ मध्ये अंदाज दिला होता, फायब्रॉइड समजून ऑपरेशनला घेतलेल्या साधारण ३५० बायकांमागे एक, आणि नंतरचे बरेच अंदाज याहूनही कमी आलेत. पाळी गेल्यावर जी गाठ वाढते तिच्यावर संशय घ्यायचा असतो. तुमची वर्षभरात तीन मिलिमीटर.

खरी तपासणी दुसरीच राहिलीय. चाळिशीनंतर असं खूप जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात, एंडोमेट्रियल बायोप्सी, बऱ्याचदा ओपीडीतच होते, पाळीत येते तशी कळ येऊन जाते. आणि पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी तपासतात ती. पिशवी काढायच्या आधी तर या दोन्ही झाल्याच पाहिजेत, कारण त्यात काही निघालं तर ऑपरेशनच वेगळ्या पद्धतीने करायला लागतं. कॅन्सरची एवढी काळजी आहे तर ही तपासणी आधी का नाही सांगितली, हे पुढच्या भेटीत गोड आवाजात विचारा.

तुम्ही ४३ च्या. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, कुणाची पन्नाशीपर्यंत चालते. पाळी गेली की गाठींना खाऊ मिळायचा बंद होतो आणि त्या आकसतात. म्हणजे तुम्हाला काढायचीत तीन-चार, फार तर सहा-सात वर्षं. हे गणित मी मुद्दाम मांडतेय कारण ३० वर्षांच्या मुलीला आणि तुम्हाला एकच सल्ला लागू होत नाही. तिला मूल हवं असतं, तिची गाठ तेवढी काढून पिशवी शिवून ठेवायला धडपडतात, तुमचा प्रश्न फक्त ही मधली वर्षं रक्त न गमावता कशी पार करायची एवढाच आहे.

तर त्यासाठी एक आहे हार्मोनची कॉपर-टी म्हणतात बायका ती, मिरेना वगैरे. तांब्याची नाही, तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, आत बसवली की अस्तर पातळ करत राहते आणि जाणं हळूहळू कमी होतं, काही जणींची पाळी बंदच होते. पहिले तीन-चार महिने मात्र कधीही डाग, कधीही थेंब थेंब, त्याने वैतागून दुसऱ्याच महिन्यात काढून आलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. पाच वर्षं चालते, म्हणजे तुम्ही ४८ च्या व्हाल, बघा गणित कसं जुळतं ते. पण गाठ पोकळीला वेडीवाकडी करत असेल तर ती नीट बसत नाही, निसटून बाहेर येते, म्हणून तर म्हटलं पोकळीचं आधी बघा.

इंजेक्शनं असतात, ल्युप्रोलाइड, ती तात्पुरती पाळी बंद करतात आणि गाठ आकसवतात, पण बंद केली की गाठ परत मूळपदावर, आणि तोवर अंगातून वाफा निघतात, हाडांवरही परिणाम होतो. ऑपरेशनच्या आधी रक्त भरून यावं, गाठ जरा लहान व्हावी एवढ्यापुरती ठीक. कायमचा उपाय म्हणून कुणी सुचवली तर पुढे काय हे विचारा.

गाठ पोकळीतच डोकावत असेल तर दुर्बीण खालून घालून तेवढीच खरवडून काढता येते, पोटावर एकही टाका नाही, बहुतेक त्याच दिवशी घरी. तुमची बहुधा त्यात बसणार नाही, ६.२ मोठी आहे आणि भिंतीत आहे, पण विचारायला काय जातंय.

आणि एक इलाज जो तुम्हाला तुमच्या गावात कुणी सांगणार नाही कारण तो गायनॅकवाले करतच नाहीत. एम्बोलायझेशन. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणून डॉक्टर असतात, ते मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे कण सोडून गाठीचं रक्त तोडतात, गाठ सुकते. पुण्या-मुंबईला होतं. पोट उघडत नाहीत पण पहिले एक-दोन दिवस चांगलंच दुखतं, बारीक तापही येतो. नेदरलँड्समध्ये या बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला होता, साधारण तिघींपैकी दोघींना पुढे पिशवी काढायला लागली नाही. उलटं वाचलं तर तिघींत एकीला लागली. दोन्ही बाजूंनी वाचा.

आता पिशवी काढण्याबद्दल, कारण बहिणीच्या बोलण्याने तुम्ही ते वाक्यच उच्चारायला घाबरायला लागलाय. काढणं हा गुन्हा नाही. औषधाने थांबत नाही, मिरेना टिकली नाही, रक्त सारखं खाली येतंय, तर काढून मोकळं होणं हा अतिशय शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि पाळीच्या त्रासावर तो एकच उपाय आहे जो शंभर टक्के संपवतो. मी काढली आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. तीन वर्षांनी पहिल्यांदा मी पांढरा लखनवी कुडता घातला होता, अजून आठवतंय.

पश्चात्ताप आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, गाऊन घातलेला, हातात सुई, स्ट्रेचरवर, तेव्हा एका ब्रदरने पॅडवर कागद आणून धरला, इथे सही करा, इथे आणि इथे. केली. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं, त्यावर टीएएच विथ बीएसओ. टीएएच म्हणजे पोट उघडून पिशवी काढणं, ते माहीत होतं. बीएसओ म्हणजे काय हो, मी सिस्टरला विचारलं, ती म्हणाली दोन्ही ओव्हरीज पण काढल्यात ना तुमच्या. डॉक्टर राउंडला आले तर म्हणाले, आत गेलोच होतो, नंतर कटकट नको म्हणून. चांगल्या होत्या का? चांगल्याच होत्या. जानेवारीत रात्री तीनला मी गॅलरीत फरशीवर बसायचे, घाम पुसत, आणि नवरा आत दोन रजया घेऊन झोपलेला.

तर बहीण म्हणते ते हाडांचं आहे ना, ते पिशवीचं नाही, ओव्हरीचं आहे. पिशवी रक्त बाहेर टाकते, हार्मोन अंडाशय बनवतात. ४३ व्या वर्षी चांगल्या ओव्हरीज काढल्या तर एका रात्रीत पाळी गेल्यासारखं होतं, हाडं, हृदय, झोप, सगळ्यावर येतं. त्या ठेवल्या तर तसं होत नाही, नैसर्गिक वेळेपेक्षा थोड्या लवकर थकतात एवढंच. घरात आई-मावशी-बहिणीला ओव्हरीचा किंवा छातीचा कॅन्सर झालेला असेल तर हिशोब बदलतो, ते डॉक्टरांना आपणहून सांगा. नळ्या काढायचं म्हणाले तर मात्र दचकू नका, नळ्या वेगळ्या आणि ओव्हरी वेगळी, अंडाशयाचा म्हणून जो कॅन्सर असतो त्याची सुरुवात पुष्कळदा नळीच्या टोकाला होते म्हणून हल्ली पिशवीबरोबर नळ्या काढतात, त्याने हार्मोनला धक्का लागत नाही. संमतीचा कागद आदल्या दिवशी मागून घ्या, वाचा, आणि ओव्हरी चांगल्या असतील तर ठेवायच्या हे स्वतःच्या हाताने मराठीत लिहून मग सही करा. हसतील, हसू देत.

ऑपरेशन कसं करणार हेही विचारा. खालच्या वाटेने काढतात ते बिनटाक्याचं, दुर्बिणीतून, का पोट उघडून. तुमच्या मापाची पिशवी अनुभवी डॉक्टर पोट न उघडता काढू शकतात बऱ्याचदा, आणि पोट उघडायचंच म्हणाले तर का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, सिझरिंगची चिकटलेली आतडी वगैरे खरी कारणं असतात. दुर्बिणीतून असेल तर पिशवी तुकडे करून बाहेर काढणार का, आणि ते तुकडे पिशवीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत (शब्दांचा घोळ बघा) बंद करून करणार का, हेही विचारा. आत कॅन्सर लपलेला असलाच तर तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो, एफडीएचा २०१४ चा इशारा त्यासाठीच होता. काढलेलं सगळं तपासणीला गेलं पाहिजे, रिपोर्ट जपून ठेवायचा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं खरंही असेल, त्यांना काही झालं नसेल. पण त्यांच्या काळात आणि आजही आपल्या भागात अडतिसाव्या वर्षी पिशवी काढणं हे दात काढण्याइतकं सोपं करून ठेवलंय त्याचं काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयत्यावर गेलं की पाळी असो काही असो खाडा परवडत नाही, मुकादम दंड लावतो, उचल फेडायची असते, मग कुणीतरी म्हणतं काढून टाक, कटकट मिटेल, आणि कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने तयारच असतात. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं रोखायच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणा. तुमचे डॉक्टर तसले आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, मी त्यांना ओळखतही नाही. फक्त मुलं झालीत ना, मग कशाला ठेवायची, हे वाक्य कुठल्या मातीतून येतं ते सांगितलं. तुमच्या वर्गातल्या काही पोरांच्या आयांचंही असंच झालं असेल.

दुसरं मत घ्याच. सोलापूरला किंवा बहिणीकडे पुण्याला, ज्यांचा पहिल्या डॉक्टरांशी काही संबंध नाही अशांकडे. जाताना दोन्ही सोनोग्राफ्या, सीबीसी म्हणजे रक्ताचा रिपोर्ट, आणि पॅडची वही. पॅडची वही म्हणजे पुढच्या पाळीत रोज किती पॅड, किती भिजलेले, किती मोठी गुठळी, दहा रुपयाच्या नाण्याएवढी का मोठी, एवढंच लिहायचं. खूप जातं हे बोलायला गेलं की डॉक्टरांना काही कळत नाही, वही दाखवली की लगेच कळतं. आणि एकच प्रश्न विचारायचा, मी पिशवी काढली नाही तर पुढच्या सहा महिन्यांत नेमकं काय बिघडेल? उत्तर ऐकताना मिस्टरांना शेजारी बसवा. तुझं तू ठरव म्हणणारा नवरा वाईट नसतो, त्याला बिचाऱ्याला प्रश्नच कळलेला नसतो बहुतेक वेळा.

पैशाचं पटकन. खासगी इन्शुरन्स असेल तर बहुतेक पॉलिसींत पिशवी काढण्याला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, पॉलिसी कधी घेतली ते बघा. सरकारी योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल काढायचं असेल तर त्याला कुठलं हॉस्पिटल चालतं, कोणते कागद लागतात हे तालुक्याच्या ऑफिसात आधी विचारा, नंतर नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं म्हणाल... पुढच्या आठवड्याची तारीख फोन करून पुढे ढकलली असती. याच आठवड्यात लोहाचं सुरू, बायोप्सी, नीट सोनोग्राफी. बायोप्सीत काही निघालं तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच त्याच्या मागे. नाही निघालं तर ट्रॅनेक्झामिकवर दोन-तीन पाळ्या बघायच्या, जमत असेल तर मिरेना. तोवर मार्च संपतो, पोरीची परीक्षा होते, तुमचं एचबी ११ च्या पुढे येतं, आणि तरीही त्रास तसाच असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत बिनघोर काढून टाका, ओव्हरीज ठेवून. जूनला शाळा उघडेपर्यंत सहा आठवडे मिळतात, तेवढे लागतातच. पण त्यासाठी आत्ताच घरात ठरवा की पाणी कोण भरणार. तुम्ही लिहिलंय चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मग हंडे-कळश्या, ड्रम, सगळं तुम्हीच. सहा आठवडे भरलेली कळशी उचलायची नाही, गॅसची टाकी सरकवायची नाही, गाडीवर खड्ड्यांतून नाही. घरी लोक पथ्याचं विचारतात, डिंकाचे लाडू करतात, पाण्याचं कुणीच विचारत नाही. लाडू नको, मोटर आणि पाइप बसवा म्हणावं.

मिस्टरांबद्दल शेवटी एक ओळ तुम्ही लिहून खोडलीय, तरी वाचता आली. नाही, पिशवी काढल्याने नवरा-बायकोतलं काही संपत नाही. दीड-दोन महिने थांबायचं, टाके भरले हे डॉक्टरांनी बघितलं की पूर्वीसारखंच. बऱ्याच जणी तर म्हणतात आधीपेक्षा बरं, महिन्यातले वीस दिवस रक्त आणि धाकधूक यातच जात होते. आत पोकळी राहते का असंही विचारतात, नाही राहत, आतडी सरकून येतात तिथे.

नव्या सोनोग्राफीत पोकळीबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा. फोटो नका पाठवू, शब्द टाइप करून पाठवा, मागचा इतका हललेला होता की ६२ च्या पुढचं एमएम वाचायला मला सासऱ्यांचं भिंग काढावं लागलं.